‘लेडी अँड द ट्रॅम्प’ पुन्हा पाहिला. घरात बाळ आलं तेव्हा तुमच्या कुत्र्याचं काय झालं?

महालवाला:
काल बाहेर ४५ अंश. भाची सुट्टीत आलेली. कूलरसमोर गादी टाकली आणि ‘लेडी अँड द ट्रॅम्प’ लावला, डिस्नेचा, १९५५ चा. लहानपणी व्हिडिओ लायब्ररीतून कॅसेट आणून पाहिला होता, तेव्हा लक्षात राहिली ती फक्त स्पगेटीची प्लेट. या वेळी मी अडकलो तो त्याच्या कितीतरी आधी, घरात बाळ येणार असतं तिथे.

लेडी म्हणजे सिनेमातली पाळलेली कुत्री. तिला वाटतं मालकांची नावं ‘जिम डिअर’ आणि ‘डार्लिंग’ आहेत, कारण ते एकमेकांना तशीच हाक मारतात. आणि एक दिवस तोच जिम बायकोला म्हणतो, अशा दिवसांत ‘त्या कुत्र्याला’ घेऊन फिरायला कशाला जातेस. लेडीचा चेहरा बघा तेव्हा. नाव जाऊन नुसतं ‘तो कुत्रा’ झालं.

आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या घरी मोती कुत्रा होता. वहिनीला दिवस गेले आणि शेजारपाजारचे सुरू झाले, केस पोटात जातात, काढा त्याला घरातून. दादा डळमळला होता. आजी म्हणाली, “तो घरचाच आहे. बाळ आता येऊन राहिलं.” विषय संपला. बाळ दवाखान्यातून यायच्या आधी तिने त्याचं दुपटं मागवून घेतलं आणि मोतीच्या नाकापुढे धरलं. पुढे बारशाला त्याला पट्ट्याला धरून स्वतः पाळण्याशी नेलं. सिनेमात जिम लेडीला उचलून पाळण्यात डोकावू देतो ना, अगदी ते. आजीने सिनेमा पाहिलेला नव्हता.

तुमच्याकडे काय झालं? लिहा. चांगलं-वाईट दोन्ही.

तर्रीपोहे:
आमचा शेरू पाळण्याखालून हलेचना. मोठे काका बाळ बघायला आले तर त्यांनाही गुरगुरला. काकांनी बाहेरूनच पाकीट दिलं 😄 पोट्टं आता बारावीला आहे.

निंबोणी:
सिनेमातली ती मावशी!! बाळ सांभाळायला दोन मांजरी घेऊन येते ती. सगळा धिंगाणा मांजरी करतात आणि तोंडाला जाळी लेडीच्या. मी अजूनही तिच्यावर चिडून आहे. बाळंतपणात मदतीला आलेली एक तरी बाई अशी असतेच.

धंतोलीकर:
त्या मांजरींचं गाणं २०१९ च्या नव्या सिनेमात ठेवलं नाही. आशियाई लोकांची टिंगल वाटते म्हणून गाणंही बदललं, मांजरींची जातही. बरंच केलं. जुन्यात त्या दोन्ही मांजरी, बाळाची आई आणि कोंडवाड्यातली कुत्री पेग, सगळे आवाज एकट्या गायिका पेगी लीचे. गाणी लिहिण्यातही ती होती. पुढे व्हिडिओ कॅसेटच्या विक्रीतल्या वाट्यासाठी तिने डिस्नेवर खटला भरला आणि कोर्टाने तिला २० लाख डॉलरहून जास्त मिळवून दिले. म्हणजे महालवाल्यांनी आणली तशा कॅसेटींवरूनच भांडण!

बर्डीवरून:
कूलरच्या ताट्या नवीन लावल्या का? खस मिळून राहिली का इतवारीत? भाव काय?

महालवाला:
मिळते, पण सकाळीच जा. वास घेऊन बघा, जुना माल ओला करून देतात.

कडुनिंब:
लिहू की नको करत होते.
पहिलं बाळंतपण, म्हणून सातव्या महिन्यात माहेरी गेले. ब्राऊनी सासरी. फोनवर विचारायची, जेवला का, तर हो हो मजेत आहे. सव्वा महिन्याने बाळाला घेऊन परत आले. फाटक उघडलं, कोणी धावत आलं नाही. मागच्या अंगणात त्याचा वाडगा पालथा ठेवलेला. काटोलकडे कोणाच्या शेतावर दिला म्हणाले, संत्र्याचा बगीचा आहे, मोकळा फिरतो. पत्ता विचारला तर आज सांगतो, उद्या सांगतो. मग कडेवर लेकरू, रात्रीची जागरणं, मागे लागायला कोण होतं माझ्याकडे. मुलगी मोठी झाली आता. मी तो सिनेमा तिच्यासोबत अर्धाच पाहू शकते.

निंबोणी:
कडुनिंबताई 🫂 तुम्हाला विचारायला पाहिजे होतं त्यांनी. निदान सांगून तरी.

तर्रीपोहे:
काहून असं करतात लोक. बाप्पा.

सेमिनरीहिल्स:
ताई, वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे दवाखान्यात (जनावरांच्या) दर उन्हाळ्यात एक-दोन जोडपी हाच प्रश्न घेऊन येतात, म्हणून लिहितो. कुत्रा काढायची गरज जवळजवळ कधीच नसते. रेबीजची लस वेळेवर, जंताचं औषध वेळेवर, अंगावर गोचीड नको. नवीन नियम लावायचे, म्हणजे पलंगावर नाही, बाळाच्या खोलीत नाही, तर ते बाळ यायच्या दोन-तीन महिने आधी लावा. बाळ आलं त्याच दिवशी हाकललं तर तो दोन्ही गोष्टी जोडतो. कपडा आधी हुंगायला देणं उत्तम, आजींना कोणी शिकवलं नसेल तरी. आणि कुत्रा कितीही गरीब असो, बाळ आणि तो दोघंच एका खोलीत, हे नाही म्हणजे नाही.

फुटाळा:
मला ट्रॅम्प जवळचा, सिनेमातला तो रस्त्यावरचा कुत्रा. लेडी कोंडवाड्यातून सुटते कारण तिच्या गळ्यात परवान्याचा पट्टा आहे. त्याच्याकडे नाही. बाळाच्या खोलीत शिरलेल्या उंदराला मारतो तो, आणि कुत्रे पकडायच्या गाडीत टाकतात त्यालाच.
आमच्या गल्लीत काळ्या आहे. त्याला नेलं होतं नसबंदीला, मी रडकुंडीला आलेली. पण नियमच असा की शस्त्रक्रिया झाली, लस दिली की उचललं तिथेच आणून सोडायचं. आणला परत, कानाला खूण करून. २०२२ मध्ये आपल्या नागपूर खंडपीठाचा आदेश आला होता ना, रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालायचं तर दत्तक घ्या, तेव्हा आमच्या सोसायटीत केवढी भांडणं. सर्वोच्च न्यायालयाने त्या दत्तकाच्या अटीला स्थगिती दिली तरी दोन घरं अजून बोलत नाहीत.

बर्डीवरून:
कुत्रे चावतात हेही आहे ना पण. माझ्या पुतण्याला चावला होता, पाच वर्षांचं पोर.

सेमिनरीहिल्स:
बरोबर आहे, ती भीती खरीच आहे. चावला की आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवायची, हळद-तिखट काही भरायचं नाही, आणि त्याच दिवशी इंजेक्शन. पुतण्या बरा आहे ना?

बर्डीवरून:
हो हो. आता तोच घरी पिल्लू मागून राहिला 😅

निंबोणी:
सिनेमाची सुरुवातही तीच. नाताळ, टोपीचा डबा आणि आत पिल्लू. डिस्नेने स्वतःच्या बायकोला असंच पिल्लू दिलं होतं म्हणतात. आमच्या ह्यांनी मला मिक्सर दिला होता.

धंतोलीकर:
😂 मिक्सर भुंकत तरी नाही.
हो, आणि माणसांचे चेहरे फारसे दाखवतच नाहीत हे कोणाच्या लक्षात आलं का? पाय, झग्याची झालर, खुर्चीचा खालचा भाग. कुत्र्याला घर जसं दिसतं तसं. ‘सिनेमास्कोप’मध्ये केलेला डिस्नेचा हा पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट. एवढा रुंद पडदा मिळाला आणि त्यावर त्यांनी जमिनीलगतचं घर काढलं. मला हे फार आवडतं.

तर्रीपोहे:
म्हणूनच पोट्ट्यांना आवडतो. त्यांनाही तेवढंच दिसते.

सदरची_सई:
मी कालपासून नुसती वाचतेय. मला सातवा लागलाय. आमच्याकडे कॉकर आहे, ब्रुनो, लेडीच्याच जातीचा. पुढच्या आठवड्यात माहेरी वर्ध्याला जायचं आणि ब्रुनो इथेच राहणार असं ठरलं होतं. सासूबाई वाईट नाहीत, पण त्यांना त्याची भीती वाटते. कडुनिंबताईंचं वाचून रात्री झोप नाही.

सेमिनरीहिल्स:
ब्रुनोचे कान तपासून घ्या जायच्या आधी. कॉकरचे कान लांब आणि बंद, पावसाळ्यात आत संसर्ग होतो. बाकी प्रवास पहाटे करा, दुपारी गाडीत नको.

कडुनिंब:
सई, घेऊन जा गं त्याला सोबत. कोणाला काय वाटायचं ते वाटू दे.

सदरची_सई:
आत्ताच आईला फोन केला. ती म्हणाली आण, पण गादीवर चढवायचा नाही. ब्रुनो येतोय वर्ध्याला. सासूबाईंनीच त्याच्या औषधांची पिशवी भरायला घेतली, त्यांनाही सुटल्यासारखं वाटलं असावं. सेमिनरीहिल्स, दुपट्याचं नीट सांगा ना, न धुतलेलंच द्यायचं का?

सेमिनरीहिल्स:
न धुतलेलंच. त्या वासासाठीच तर द्यायचं.