माघार ‘घेतात’, पीछेहाट ‘होते’. मग इव्हॅक्युएशनचं काय करतात?

कर्वेनगरकर
एका माहितीपटाची मराठी उपशीर्षकं करतोय. विषय ऑगस्ट २०२१, काबूल विमानतळ. निवेदक म्हणतो, या सैनिकांनी प्रचंड अनागोंदीत विड्रॉवल आणि इव्हॅक्युएशन केलं. मी लिहिलं होतं: ‘सैनिकांनी गोंधळाच्या वातावरणात माघार व नागरिकांचे निर्वासन पार पाडले.’ बायकोनं खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, ‘पार पाडले? मुंज होती का?’ तेव्हापासून वाक्य अडलंय. माघार म्हणावं की सैन्यवापसी? आणि ‘निर्वासन’ला दुसरं काही आहे का? ओळीत चाळीसेक अक्षरं बसतात, जास्तीत जास्त दोन ओळी.

शाईखुणा
पहिलं काम, ‘सैन्यवापसी’ खोडा. ‘घरवापसी’च्या मागोमाग हिंदीतून आलेली ही पाहुणी आहे आणि जायचं नाव घेत नाही.

माघार चालेल. पण नामापेक्षा क्रियापद बघा, मराठीत सगळा हिशेब तिथे आहे. माघार ‘घेतात’. पीछेहाट ‘होते’. पळ ‘काढतात’, आणि सगळ्या फौजेचाच धीर सुटला तर जुन्या मराठीत फौजेत पळ ‘सुटतो’. दाणादाण ‘उडते’. घेणारा माणूस शुद्धीवर असतो, त्यानं ठरवलेलं असतं. निवडणुकीत बघा ना: अर्ज माघारी घ्यायला मुदत असते, तीन वाजेपर्यंत रांग लागते. पीछेहाट निकालाच्या दिवशी होते, तिला कुणी मुदत देत नाही.

अमेरिकेनं काबूल सोडायची तारीख आधी जाहीर केली होती, ११ सप्टेंबर, मग ती अलीकडे आणून ३१ ऑगस्ट. म्हणून त्यांची माघारच. अफगाण सरकारच्या फौजेची मात्र दाणादाण उडाली. १५ ऑगस्टला तालिबान राजधानीत शिरले. एकाच महिन्यात, एकाच शहरात दोन फौजा आणि दोन क्रियापदं. निवेदक कुणाबद्दल बोलतोय ते आधी नक्की करा.

धायरीची लेक
तुम्ही सगळे माघार म्हटलं की लगेच हरलेलं सैन्य बघता. आमच्याकडे आजी फोनवर विचारते, ‘माघारी कधी येणार गं?’ यात्रेला सासरहून आलेल्या लेकी म्हणजे माघारणी, त्यांची ओटी भरतात. त्यात कसली हार? सैनिक माघारी गेले म्हणजे घरी गेले, इतकंच.

शाईखुणा
हे मला सुचलंच नव्हतं. म्हणजे ‘माघारी जाणे’ नुसती दिशा सांगतं आणि ‘माघार घेणे’ निर्णय सांगतं. एका ‘ई’काराचा फरक, आणि वृत्तपत्रं मथळ्याला जागा कमी म्हणून ‘सैन्य माघारी’ छापून दोन्ही एक करून टाकतात.

वानवडीचा फौजी
निवृत्त माणूस, म्हणून दोन शब्द. विड्रॉवल म्हणजे पळणं नव्हे, ती शिकवलेली कवायत आहे. एक तुकडी थांबून शत्रूला गोळीबारानं रोखून धरते, दुसरी मागे सरकते, जागा घेते, मग पहिली निघते. चढाईपेक्षा अवघड, कारण पाठ उघडी असते. पिछाडी कुणाकडे द्यायची यावर सगळं ठरतं. तुमच्या निकालांच्या बातम्यांत ‘अमुक उमेदवार पिछाडीवर’ म्हणजे कमी पडलेला. आमच्यात पिछाडीवर सगळ्यात भरवशाची माणसं असतात.

तळेगावकर
पिछाडीवरून आठवलं, आमच्या दारातलंच उदाहरण आहे. १७७९ च्या जानेवारीत मुंबईकर इंग्रजांची फौज रघुनाथरावाला गादीवर बसवायला घाट चढून तळेगावपर्यंत आली. वाटेत कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला, तोच आपला इष्टुर फाकडा. तळेगावात पोचले तर गाव जाळून रिकामं केलेलं, दाणागोटा नाही. ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलल्या, साठे पेटवले आणि गुपचूप मुंबईच्या वाटेला लागले. मराठ्यांना लगेच सुगावा लागला. हार्टले नावाच्या कप्तानानं पिछाडी झुंजवली, पण वडगावला सगळे कोंडले गेले आणि तहावर सही करावी लागली.

आता सांगा, हे काय झालं? रात्री अकराला निघाले तेव्हा माघार. पहाटे पिछाडीवर मारा सुरू झाला तेव्हा पीछेहाट. वडगावात हमाल-बैलांची झुंबड उडाली तेव्हा दाणादाण. पंधरा किलोमीटरांच्या आत तीन शब्द.

(कुणीतरी ‘काढता पाय’ सुचवेल म्हणून आधीच सांगतो: तो लग्नातून घेतात, जेवण संपायच्या आत. तोफा तळ्यात ढकलून नव्हे.)

शाईखुणा
आणि कुणी ‘पळपुटा’ही सुचवू नका. ते विशेषण पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या नावावर कायमचं राखीव आहे.

नागरिक सोबत असतील तर गोष्ट बदलते. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला मराठे बाहेर पडले ते गोल करून. इतिहासकारांनी मांडलंय की बायका, यात्रेकरू, बुणगे आत, तोफा आणि गारदी बाहेर, असं सरकत निसटायचं होतं. गोल मोडला आणि पळ सुटला. म्हणजे ‘नागरिकांसह लढत निघणं’ याला आपल्याकडे एक शब्द होता, गोल. आज तो फक्त फुटबॉलमध्ये उरलाय. आणि ‘बाजारबुणगे’ तर शिवीच झाली. मुळात ती लष्कराबरोबर चालणारी, न लढणारी माणसं. याच काबूलहून जानेवारी १८४२ मध्ये इंग्रज निघाले तेव्हा सैनिक सुमारे साडेचार हजार आणि बुणगे बारा हजार. बर्फात जवळजवळ सगळे संपले.

कर्वेनगरकर
माघार पक्की करतो. पण माझा खरा घोळ दुसऱ्या शब्दाचा आहे. निर्वासन?

शाईखुणा
अजिबात नको. निर्वासन म्हणजे हाकलून देणं, राहत्या जागेतून घालवणं. १९४७ नंतर उल्हासनगरच्या छावण्यांत आले ते निर्वासित, कारण त्यांना घरातून उठवलं गेलं होतं. ‘सैनिकांनी नागरिकांचे निर्वासन केले’ याचा सरळ अर्थ सैनिकांनीच लोकांना देशोधडीला लावलं. तुमच्या वाक्यात मदत करणारेच गुन्हेगार ठरलेत.

तळेगावकर
मग स्थलांतर? पुराच्या बातम्यांत तेच असतं, ‘इतक्या कुटुंबांचे सुरक्षित स्थळी स्थलांतर’.

वानवडीचा फौजी
ते कागदावर. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. जवान आदल्या रात्री धरणावर वाळूची पोती रचत होते. माझी आई तेव्हा नारायण पेठेत. ती कधी म्हणाली नाही की आमचं स्थलांतर झालं. म्हणायची, ‘आम्ही नेसत्या वस्त्रानिशी पर्वतीवर पळालो, पोळ्या तव्यावर तशाच.’ स्थलांतर पक्षी करतात, आणि मंत्रालयाच्या शाखा.

धायरीची लेक
‘सुटका’?

शाईखुणा
सुटका कैदेतून होते. पुन्हा, आपल्या लोकांना भारतानं काबूलहून आणलं त्याला ‘मायदेशी आणलं’ म्हणता येतं. पण विमानतळावरच्या अफगाणांचा मायदेश तोच होता, तो सोडायलाच ते धडपडत होते. कर्वेनगरकर, चित्रात नेमकं काय दिसतं ते सांगा. शब्दकोशापेक्षा त्याचा उपयोग होईल.

कर्वेनगरकर
विमानतळाच्या ॲबी गेटबाहेरचा सांडपाण्याचा कालवा. लोक त्या घाण पाण्यात उभे, हात वर, हातात कागद, पासपोर्ट, फोनवर उघडलेलं एखादं पत्र. वर भिंतीच्या कडेवर सैनिक. ते कागद बघतात, मनगट धरतात आणि माणसाला वर ओढतात. एकाला घेतलं की शेजारचे चारजण पुढे झेपावतात. त्याच जागी २६ ऑगस्टला स्फोट झाला. १३ अमेरिकी सैनिक आणि सुमारे १७० अफगाण गेले. निवेदकाचं वाक्य स्फोटाच्या जरा आधी येतं.

धायरीची लेक
मग ‘बाहेर काढलं’ लिहा की. विहिरीत पडलेल्याला बाहेर काढतात, ढिगाऱ्याखालून काढतात. इथे तर खरोखर हाताला धरून कालव्यातून काढलंय. शब्दकोश कशाला हवा?

शाईखुणा
पटलं. सव्वा लाखाच्या आसपास माणसं त्या दोन आठवड्यांत विमानांनी नेली. पैकी एका विमानात ८२३ जण, खाली बसलेले, मांडीला मांडी लावून. ‘बाहेर काढलं’ हे त्या आकड्यालाही पुरतं आणि कालव्यातल्या एका मनगटालाही.

राहिला ‘गोंधळाच्या वातावरणात’. वातावरण हवामान खात्याला द्या. गोंधळ अंबाबाईचा असतो, वर्गातला असतो, सभागृहातला असतो. सावळागोंधळ तर नकोच, तो ऐकून हसू येतं, आणि इथे पुढच्या दृश्यात माणसं मरणार आहेत. चेंगराचेंगरीही सरसकट नको, ती विशिष्ट घटना आहे. कालव्यापाशी आहे ती रेटारेटी.

कर्वेनगरकर
तर असं: ‘माघार घेता घेता, त्या रेटारेटीतच, सैनिकांनी हजारो लोकांना बाहेर काढलं.’ बायकोला वाचून दाखवलं. ‘हं’ म्हणाली, म्हणजे चालेल. पण दोन ओळींत टाकूनही पडद्यावर दाटी होतेय. ‘रेटारेटी’ काढू?

वानवडीचा फौजी
रेटारेटी राहू द्या. ‘सैनिकांनी’ काढा, ते चित्रात दिसतायत.