भाच्याला बाबांच्या चार गोष्टी सांगितल्या. चुकलं का?

बांधावरचा
भाचा पुण्याला नोकरीला निघालाय. परवा रायबंदरच्या धक्क्यावर चोडणच्या फेरीबोटीची वाट बघत होतो, तेव्हा म्हणाला, "मामा, भाषण नको, पण लक्षात राहील असं काहीतरी सांग." माझ्याकडे स्वतःचं असं काही नव्हतं. बाबांचं होतं तेच दिलं.

बाबांचं पहिलं म्हणजे, बांधावरून जाताना भोक दिसलं तर बुजवूनच पुढं जायचं, शेत कुणाचं ते विचारायचं नाही. गोव्यातलं खाजन न पाहिलेल्यांसाठी सांगतो. आमची शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. नदी आणि भात यांच्यामध्ये चिखलाचा बांध, आणि पाणी आतबाहेर व्हायला मानस, म्हणजे झडपेचं दार. तिची लाकडी दारं भरतीच्या जोरानं मिटतात, ओहोटीला उघडतात. कुर्ल्या, म्हणजे खेकडे, बांधाला बिळं पाडतात. आधी बोट जाईल एवढं, उधाणाच्या दोन भरत्या गेल्या की मूठ जाईल एवढं, आणि मग एखाद्या रात्री बांधच जातो. आमचं कोरगुट भात थोडा खारटपणा सोसतं, पण नदीच आत आली तर तेही झोपतं. बाबा बिळात पेंढा कोंबायचे, वर चिखल थापायचे आणि टाचेनं दाबत उभे राहायचे. माझी शाळा चुकली तरी चालेल, पण तोवर हलू द्यायचे नाहीत.

बाकीच्या तीन गोष्टी लहान आहेत. कुणाची उधारी ठेवायची नाही. दुपारी जेवून घटकाभर पाठ टेकायची, जग बुडत नाही. आणि मरणाक आपोवणें येना. लग्न चुकलं तर चुकलं, मयताला बोलावणं नसतं, आपण होऊन जायचं.

चांगलं जगायला याहून जास्त लागत नाही असं माझं मत आहे. बोला.

टिप्परवाला डिचोली
उधारीचं तेवढं भाच्याला सांगू नका. 2012 च्या सप्टेंबरात गोव्यातल्या लोखंडाच्या खाणी बंद झाल्या तेव्हा माझ्या दारात खनिज वाहणारे दोन टिप्पर उभे होते, दोघांचेही हप्ते चालू. टायरांखाली गवत उगवलेलं मी पाहिलंय. त्या काळात आमच्या वाड्यावरच्या पसरकारानं, म्हणजे किराणावाल्यानं, अकरा महिने उधारीची वही चालवली. तांदूळ, तेल, पोरांची बिस्किटंसुद्धा. एकदाही तोंड वाकडं केलं नाही. मधे खाणी थोड्या सुरू झाल्या तेव्हा निम्मं फेडलं, 2018 च्या मार्चमध्ये परत बंद पडल्या आणि वही परत उघडली.

तुमच्या बाबांच्या हिशेबानं मी वाईट जगलो. माझ्या हिशेबानं, ज्याला अडीनडीला वहीवर माल देणारा एकही माणूस नाही तो वाईट जगला. उधारी न ठेवणं जमतं ते पगार पहिल्या तारखेला येतो म्हणून.

बांधावरचा
बाब, बाबांना पगार नव्हता हो. पण भात घरचं होतं, हे खरं.

सोलांवाली
मी तिसऱ्या गोष्टीवर बोलणार. ही पाठ नक्की कुणाची टेकायची?

आमच्या घरात सासऱ्यांचं दुकान. एक वाजता फळ्या लागायच्या, चार वाजता उघडायच्या. मे महिन्यातली ती तीन तासांची झोप, बाहेरचे लोक जिला सुशेगाद, म्हणजे निवांत जगणं, म्हणून डोक्यावर घेतात, ती मी आतल्या खोलीतून नुसती ऐकलीय. घोरणं ऐकू यायचं. मी त्या वेळी अंगणात. भिरंडांच्या, म्हणजे कोकमाच्या फळांच्या, साली उन्हात टाकायच्या, उलटायच्या, रसात बुडवायच्या, परत टाकायच्या. सोलं काळी होईपर्यंत हेच. हाताची बोटं महिनाभर जांभळी. त्याआधी भांडी, त्यानंतर चारचा चहा, कारण उठल्यावर चहा लागतो.

आराम वाईट असं मी म्हणत नाही. पण तुमच्या बाबांची दुपार जग न बुडता जात होती, ती कुणीतरी जग धरून बसलं होतं म्हणून. भाच्याला सांगायचंच तर हे सांगा की आपण आडवं व्हायच्या आधी घरात कोण उभं आहे ते बघ.

बांधावरचा
याला उत्तर नाही माझ्याकडे. आई दुपारी काय करायची ते आठवायला लागलो तर चित्रच येत नाही डोळ्यांपुढे. ते जास्त लागलं.

रोखठोक म्हापसा
सगळे दुसऱ्या-तिसऱ्यावर अडकलेत, मला पहिलीच पटत नाही. भोक बुजवायचं, पण कशासाठी? गावकारी, म्हणजे गावाची सामाईक व्यवस्था, होती तेव्हा बांध सगळ्यांचा होता. नंतर कूळकायदा आला, शेत कुळाचं झालं, बांध कुळांच्या संघाकडे गेला. आज किती संघ भातासाठी बांध सांभाळतात आणि किती फक्त मानशीच्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, करण्यापुरते उरलेत, ते आपापल्या गावात बघा. काही ठिकाणी तर कोळंबीसाठी खारं पाणी मुद्दाम आत घेतात. तिथं तुम्ही टाचेनं चिखल दाबत उभे राहिलात तर लोक वेड्यात काढतील, आणि रात्री कुणीतरी तेच भोक मोठं करून जाईल.

अशा शिकवणीनं चांगला माणूस राबत राहतो आणि बाकीचे निर्धास्त होतात. त्यापेक्षा पोराला ग्रामसभेत उभं राहून प्रश्न विचारायला शिकवा. चिखलात पाय घालण्यापेक्षा ते कठीण आहे.

पाळीवाला वास्को
रोखठोकबाब, ग्रामसभेचं कबूल. पण "कशासाठी" हे मला खटकलं.

आमच्याकडे श्रावणात दामोदराचा सप्ताह असतो. नाव सप्ताह, भजन चोवीस तासांचं, अखंड. संध्याकाळची पाळी मिळाली तर मजा असते. गर्दी असते, फेरीत, म्हणजे जत्रेच्या बाजारात, आलेली माणसं पाच मिनिटं थांबून ऐकतात. मला एका वर्षी पहाटे तीनची मिळाली. समोर एक म्हातारा खांबाला टेकून झोपलेला, एक कुत्रा, आणि पुढच्या पाळीची चार माणसं डोळे चोळत. पेटीवाल्याचं बोट दोनदा चुकलं, कुणाला कळलंसुद्धा नाही. तरी टाळ खाली ठेवायचा नाही, कारण पुढच्याच्या हातात भजन चालू असताना द्यायचं असतं, थांबलेलं नाही.

तिथं मी कशासाठी विचारलं असतं तर घरी जाऊन झोपलो असतो. सगळ्याचाच हिशेब लावता येत नाही. तुमच्या बांधाचं मला तसंच वाटतं.

रोखठोक म्हापसा
भजन थांबलं तर कुणाचं भात बुडत नाही. बांध फुटला तर बुडतं. म्हणून बांधाचा हिशेब लावावाच लागतो. भक्ती आणि देखभाल यांची मिसळ करू नका.

टिप्परवाला डिचोली
मयताच्या गोष्टीवर मात्र कुणी बोललं नाही, बघितलंत? म्हणजे ती सगळ्यांना मान्य. माझा पसरकार गेल्या पावसात गेला. वहीवर माझे तेव्हाही थोडे बाकी होते. खांदा दिला, आणि बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाच्या हातात पैसे ठेवले. त्यानं वही उघडूनसुद्धा बघितली नाही.

सोलांवाली
मान्य काय, आम्हाला खांदा कोण देऊ देतो. पण जाऊ दे, तो वेगळा धागा.

बांधावरचा
भाच्याला फोन केला. उधारीचं मागे घेतलं, डिचोलीचा किस्सा सांगितला. दुपारचं सोलांवाल्या बायनी सांगितलं तसं सांगितलं. तो म्हणाला, मामा, तिथं दुपारी ऑफिसात झोपायलाच देत नाहीत. भोकाचं मात्र मी सोडत नाही. रोखठोकबाब, तुमचं गणित बरोबर असेल, पण माझ्या पायाला ते समजत नाही, समोर बीळ दिसलं की टाच आपोआप जाते.

येत्या रविवारी अवस आहे, भरती मोठी असणार. शनिवारी सकाळी आमच्या बाजूच्या बांधावर आम्ही पाचसहा जण फावडी घेऊन जातोय. ज्याला यायचं त्यानं पहिल्या फेरीबोटीनं यावं. म्हापशाहून आलात तर तुमचे प्रश्नही घेऊन या, संघाचे अध्यक्ष तिथंच असतील.

रोखठोक म्हापसा
अध्यक्ष नक्की असतील तर येतो.

सोलांवाली
चहा कोण करणार आहे, ते आधी ठरवा.