मदत हवी आहे : रिसिव्हरला स्पीकर जोडले, पण संवाद पोकळ येतात आणि सबवूफर घुमतो

नमस्कार मंडळी,

होम थिएटर रिसिव्हरच्या (टीव्ही, कॅसेट यांचा आवाज वाढवून सगळ्या स्पीकरना वाटणाऱ्या यंत्राच्या) जोडणीत मी अडकलो आहे. प्रश्न तीन आहेत, पण पहिला सुटला तरी माझे मोठे काम होईल, म्हणून तोच सविस्तर मांडतो.

आम्ही सांगलीत गावभागात राहतो. गेल्या महिन्यात घराच्या सोप्यात ५.१ चा संच बसवला. समोर डावा आणि उजवा स्पीकर, टीव्हीखाली सेंटर, बसण्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंना किंचित मागे सराउंडची जोडी आणि कोपऱ्यात सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, अशी मांडणी आहे. पाचही स्पीकर ८ ओमचे आहेत आणि रिसिव्हरवर ६ ते ८ ओम असे छापलेले आहे, तेव्हा त्या बाबतीत अडचण नसावी. हा सगळा खर्च आईसाठी केला. तिचे वय ७६ आहे. टीव्हीच्या पाठीमागच्या बारीक स्पीकरमधून तिला मालिकेतले संवाद कळत नाहीत, आणि वडिलांनी पूर्वी आकाशवाणीच्या सांगली केंद्रावरून टेप केलेली नाट्यपदे तिला पुन्हा नीट ऐकायची आहेत. वडिलांचा कॅसेट डेक आणि त्या कॅसेट माळ्यावर होत्या, म्हणूनच महापुरातून वाचल्या.

सध्याची जोडणी अशी आहे. केबलचा सेट-टॉप बॉक्स एचडीएमआयने टीव्हीला जोडला आहे, टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या, म्हणजे टीव्हीचा आवाज बाहेर देणाऱ्या, सॉकेटातून दुसरी एचडीएमआय रिसिव्हरला गेली आहे, आणि कॅसेट डेक लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरीने थेट रिसिव्हरला लावला आहे. सबवूफरला एकच पिनेची वायर आहे.

आवाज भरपूर येतो, पण शब्द हाती लागत नाहीत. बरोबर मध्यभागी, आईच्या खुर्चीत बसले की बोलणाऱ्याचा आवाज टीव्हीतून येतच नाही. तो पोकळ होतो, पसरतो, कधी कधी डोक्याच्या मागून आल्यासारखा वाटतो. खुर्ची सोडून उजव्या स्पीकरच्या जवळ गेले की तोच आवाज एकदम स्पष्ट होतो. कॅसेट लावल्यावरही हाच प्रकार होतो. आईने पहिल्याच दिवशी सांगितले, "गाणारा मधे बसलेला नाही, दोन भिंतींत वाटला गेलाय." मी तेव्हा त्याकडे लक्ष दिले नाही. तबल्यातला बायाँ, म्हणजे डग्गा, तर जवळजवळ नाहीसाच झाला आहे.

रिसिव्हरसोबत आलेला माइक आईच्या कानाच्या उंचीवर ठेवून चाचणी घेतली, तेव्हा समोरच्या डाव्या स्पीकरच्या नावापुढे फेजविषयी, म्हणजे धन-ऋण जोडणीविषयी, सूचना आली. मी रिसिव्हरच्या मागे आणि स्पीकरच्या मागे, दोन्हीकडे पाहिले. लाल टर्मिनलला धन तार, काळ्याला ऋण, असे दोन्ही टोकांना बरोबर दिसते. जोडणी बरोबर असूनही अशी सूचना येऊ शकते, असे माहितीपुस्तिकेत लिहिले आहे, म्हणून मी पुढे गेलो. जोडणीसाठी दुकानातून आलेल्या माणसाचे म्हणणे "सवय होईल" एवढेच होते.

घराविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिचा संबंध असू शकतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली, तेव्हा आमच्या सोप्यात पाणी होते. त्यानंतर सगळे स्विचबोर्ड वर घेतले. टीव्हीच्या भिंतीचे वायरिंग त्या वेळी नव्याने झाले, टीव्हीसमोरच्या भिंतीचे जुनेच राहिले. पुढेमागे लागेल म्हणून समोरच्या दोन स्पीकरची वायरही तेव्हाच पाइपातून टाकून घेतली होती. आता डावीकडची वायर हातभर कमी पडली, तेव्हा वायरमनने वरच्या जंक्शन बॉक्समध्ये जोड देऊन ती वाढवली.

दुसरा प्रश्न असा की सबवूफर सतत बारीक घुमतो, आवाज शून्यावर असला तरीही. सबवूफरला जागा टीव्हीसमोरच्या भिंतीपाशी मिळाली, म्हणून त्याचा तीन पिनांचा प्लग तिकडच्या जुन्या बोर्डात आहे. प्लगची मोठी पिन काढून टाकली की घुमणे थांबेल, असा सल्ला एकाने दिला. तो मी अजून मानलेला नाही.

तिसरा प्रश्न छोटा आहे. वडिलांच्या जुन्या डेकचे ४ ओमचे दोन स्पीकर चांगले आहेत. ते समोरच्या स्पीकरच्याच टर्मिनलवर जोडून स्वयंपाकघरात नेता येतील का?

सराउंडची वायर बारीक आहे, पाऊण एमएमचीही नाही, आणि उजव्या सराउंडला ती सुमारे १४ मीटर जाते. ती बदलावी का, हेही कृपया सांगावे.

– गावभागकर

उत्तर : कृष्णाकाठ

आपल्या आईंनी दोष पहिल्याच दिवशी ओळखला होता, असे माझे मत आहे. आकाशवाणीचे मध्यम लहरींवरचे प्रक्षेपण एका चॅनलचे असते. तशा ध्वनिमुद्रणात डाव्या आणि उजव्या स्पीकरला हुबेहूब एकच आवाज जातो, आणि दोन्ही स्पीकर योग्य जोडलेले असतील तर गायक बरोबर मध्यभागी बसलेला ऐकू आला पाहिजे. तो दोन भिंतींत वाटला जातो, मध्यभागी पोकळी राहते आणि बायाँ नाहीसा होतो, याचा अर्थ एका स्पीकरचे धन-ऋण उलटे झाले आहे. एका स्पीकरचा पडदा पुढे येतो त्याच क्षणी दुसऱ्याचा मागे जातो, आणि दोघांत समान असलेला आवाज, विशेषतः खर्जाचा, एकमेकांना खाऊन टाकतो. उजव्या स्पीकरजवळ गेल्यावर शब्द स्पष्ट होतात ते यामुळेच. तिथे डाव्याचा विरोध उरत नाही.

टोकांना जोडणी बरोबर आहे हे मान्य, पण मधला जोड आपण पाहिलेला नाही. भिंतीतली वायर आणि वाढवलेली वायर एकाच जातीच्या आहेत का? पारदर्शक वायरीत एक तार तांबूस आणि एक रुपेरी असते, लाल-काळ्या वायरीत तसे नसते. दोन वेगळ्या जाती एकत्र आल्या की जोड देणारा अंदाजाने जोडतो, आणि दोन्ही टोके बरोबर दिसूनही मध्येच अदलाबदल झालेली असते.

खात्री करणे सोपे आहे. रिसिव्हर बंद करून त्याचा प्लग काढा. डाव्या स्पीकरची वायर रिसिव्हरपासून सोडवा. स्पीकरची जाळी काढून घरातल्या कोणाला तरी पडद्यासमोर उभे करा. दीड व्होल्टचा साधा सेल घ्या, त्याचे धन टोक लाल टर्मिनलमधून सोडवलेल्या तारेला आणि ऋण टोक काळ्यातून सोडवलेल्या तारेला क्षणभर टेकवा आणि लगेच काढा. टक् असा आवाज होऊन पडदा बाहेर आला तर जोडणी बरोबर आहे, आत गेला तर उलटी आहे. उजव्या स्पीकरवरही हीच चाचणी घ्या आणि दोन्हींची तुलना करा. पुन्हा जोडताना तारेचा एकही केस शेजारच्या टर्मिनलला लागता कामा नये. तार सोलल्यावर पीळ घट्ट द्या, आणि टर्मिनलच्या बाहेर उघडे तांबे दिसणार नाही एवढीच सोला.

याने कॅसेट सुधारेल. मालिकांसाठी आणखी एक गोष्ट करावी लागेल. आपला रिसिव्हर बहुधा स्टिरिओ मोडवर आहे. त्या मोडमध्ये समोरचे दोन स्पीकर आणि सबवूफर एवढेच वाजतात, सेंटर गप्प राहतो, आणि संवादांचे खरे काम तर सेंटरचे असते. मालिका सुरू असताना सेंटरला कान लावून पाहा. तो गप्प असेल तर रिमोटवरून डॉल्बी सराउंड किंवा त्यासारखा मोड निवडा, म्हणजे दोन चॅनलच्या आवाजातूनही संवाद वेगळे काढून सेंटरला दिले जातील. सेट-टॉप बॉक्स टीव्हीऐवजी सरळ रिसिव्हरच्या एचडीएमआय इनपुटला लावणे अधिक चांगले. मग बॉक्समधून ५.१ आवाज आला तर तो वाटेत दोन चॅनलचा होत नाही. एआरसीची वायर टीव्हीतल्या ॲपसाठी तशीच राहू द्या, पण टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएमवर (न दाबलेल्या साध्या डिजिटल आवाजावर) असेल तर ते बदलून पासथ्रू (आलेला आवाज तसाच पुढे देणे) किंवा ऑटो करा. २००९ पासूनच्या साध्या एआरसीतून डॉल्बी डिजिटलचा ५.१ आवाज जातो, पीसीएम मात्र दोनच चॅनलचे जाते.

सेंटर टीव्हीखालच्या कप्प्यात आत ढकललेला असेल तर त्याला कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढा आणि पुढच्या बाजूला रबराचा तुकडा देऊन त्याचे तोंड आईंच्या कानाकडे वळवा. माइकची चाचणी पुन्हा घ्या आणि त्यानंतर सेंटर दोन-तीन डेसिबलने वाढवा. वयस्कर कानांना याचा फार उपयोग होतो, हे मी माझ्या घरी अनुभवले आहे.

वडिलांचे स्पीकर त्याच टर्मिनलवर कृपया जोडू नका. ८ आणि ४ ओम समांतर जोडले की रिसिव्हरला सुमारे २.७ ओमचा भार दिसतो, आणि तो तापून बंद पडेल किंवा जळेल. त्या जोडीला एखादा लहान स्टिरिओ ॲम्प्लिफायर स्वतंत्र घ्या.

वायरीचे गणित थोडक्यात सांगतो. जाणारी आणि येणारी मिळून १४ मीटरची वायर २८ मीटर होते. अर्ध्या एमएमच्या, म्हणजे अर्धा चौरस मिलिमीटर छेदाच्या, तांब्याचा त्या लांबीचा रोध एक ओमच्या आसपास जातो, दीड एमएमचा एक तृतीयांश ओमच्या आसपास राहतो. ८ ओमच्या स्पीकरला वायरीचा रोध त्याच्या पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे ०.४ ओमपर्यंत चालतो. म्हणून दीड एमएम घ्या. घेताना ब्लेडने तार खरवडून पाहा. आतून पांढरी निघाली तर ते मुलामा दिलेले ॲल्युमिनियम आहे.

उत्तर : मिरजेचा तंबोरा

घुमण्याविषयी लिहितो. प्लगची मोठी पिन काढू नका. ती अर्थिंगची पिन आहे, आणि ज्या भिंतींनी पुराचे पाणी प्यायले आहे त्या घरात तर ती मुळीच काढू नये.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची आहे आणि अर्थिंगचे दोन रस्ते तयार झाले की तोच स्वर सबवूफरमधून ऐकू येतो. आपल्याकडे टीव्ही नव्या वायरिंगवर, सबवूफर जुन्या वायरिंगवर, आणि केबलची वायर रस्त्यावरून तिसरेच अर्थिंग घेऊन येते. आधी सेट-टॉप बॉक्सची गोल केबल फिरवून काढा. घुमणे थांबले तर दोष त्या रस्त्याने येतो. मग केबलच्या वायरीत बॉक्सच्या आधी ग्राउंड आयसोलेटर, म्हणजे सिग्नल जाऊ देऊन अर्थिंगचा रस्ता तोडणारा छोटा जोड, बसवा. डिशच्या वायरीत मात्र तो तसा चालत नाही, कारण छतावरच्या एलएनबीला (डिशवरच्या सिग्नल पकडणाऱ्या भागाला) त्याच वायरीतून वीज जाते. केबल काढूनही घुमणे सुरू राहिले तर सबवूफरचा प्लग टीव्हीच्याच बोर्डावर आणून पाहा.

गावभागकर

दोघांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी सगळे करून पाहिले, ते क्रमाने लिहितो.

सेल टेकवल्यावर उजव्या स्पीकरचा पडदा बाहेर आला, डाव्याचा आत गेला. जंक्शन बॉक्स उघडला. भिंतीतली वायर पारदर्शक आणि वाढवलेली लाल-काळी निघाली. काळी टेप सोडवली तेव्हा आत नुसता दोन पिळांचा जोड होता, आणि तांबूस तार काळ्याला गेलेली होती. अदलाबदल सुधारून स्क्रूच्या कनेक्टरमध्ये जोड पक्का केला. माइकच्या चाचणीत आता फेजची सूचना येत नाही.

सेंटर खरोखरच गप्प होता. बॉक्स रिसिव्हरला लावला, मोड बदलला, सेंटर पुढे ओढून त्याखाली रबर दिले आणि तीन डेसिबल वाढवले. केबलची वायर काढताच घुमणे थांबले, पुन्हा लावताच सुरू झाले. आयसोलेटर मागवला आहे. मोठी पिन जागेवरच आहे. दीड एमएमची वायर रविवारी टाकतो, आणि वडिलांचे स्पीकर सध्या माळ्यावरच ठेवले आहेत.

रात्री आईच्या खुर्चीत तिलाच बसवून कॅसेट लावली. गायक मध्यभागी आला आणि बायाँही परत आला. पद संपल्यावर टेपवर निवेदकाने वेळ सांगितली, "सात वाजून पाच मिनिटे." ती वाक्ये आजवर आमच्यापैकी कोणालाच कळली नव्हती. आईने ती मोठ्याने पुन्हा म्हणून दाखवली आणि दुसरी बाजू लावायला सांगितली.

कोणाला उपयोग व्हावा म्हणून उघडलेल्या जोडाचे छायाचित्र उद्या इथेच टाकतो.