आमारोने आणि बांगड्याचे हुमण: चुकले कुठे?

माडाखाली (फोंडा)
जावई बोटीवर असतो. गेल्या खेपेला त्याने इटलीहून दोन बाटल्या आणल्या, आमारोने देल्ला व्हाल्पोलिचेल्ला ही लाल वाइन. लेबलावर १५.५ टक्के अल्कोहोल. आमची मजल नाताळातली गोड पोर्ट वाइन आणि मार्च-एप्रिलातला हुर्राक (काजूची पहिल्या धारेची दारू), एवढीच. रविवारी जेवायला तिरफळ घातलेले बांगड्याचे हुमण, म्हणजे नारळाचे कालवण, आणि सुंगटांची (सुक्या कोळंबीची) किसमूर होती. एक बाटली फोडली.

जेवणाआधीचा घोट छान लागला. मनुका, जरा कोको, शेवटी जीभ आवळणारा तुरटपणा. हुमणाचा घास खाऊन दुसरा घोट घेतला तर तोंडात गंजका खिळा धरल्यागत! वर मिरची अशी चढली की बायकोने ग्लास सरकवून सोलकढी ओढली. जावई बिचारा काही बोलला नाही. जुलैत तो परत येतोय आणि दुसरी बाटली कपाटात आहे. काय रांधावे? स्टेक सुचवू नका, आमच्याकडे बीफ शिजत नाही.

मांडवीपलीकडे
काका, बाटली चांगलीच आहे, सोबत चुकली. लाल वाइनमध्ये थोडे लोह असते. ते मासळीतल्या चरबीला भिडले की हा खिळ्याचा प्रकार होतो. २००९ साली जपानी संशोधकांनी सुकवलेले शिंपले खायला देऊन हे तपासले होते. लोह जास्त तिथे मासळीचा उग्र वास जास्त. बांगडा-तारले तर तेलाचेच.

मिरचीचे कारण अल्कोहोल. आमारोनेची द्राक्षे (मुख्यतः कोर्व्हिना) तोडल्यावर तीन-चार महिने हवेशीर माळ्यावर सुकवतात. आपण सोलां (आमसुले) वाळवतो तसेच, फक्त उन्हाशिवाय. पाणी उडते, साखर घट्ट होते, म्हणून अल्कोहोल इतके चढते. ते मिरचीची आग वाढवते.

आणि कपाटातून काढून तशीच ओतलीत ना? ही वाइन १६ ते १८ अंशांवर प्यायची. मे महिन्यात फोंड्यातले कपाट म्हणजे ३२. आधी दोनेक तास फ्रीजमध्ये ठेवा.

रांदणीकडची
जुलै म्हणताय तर अळम्यांचे, म्हणजे पावसाळी रानमशरूमचे, तोणक (वाटपाची भाजी) करा! भाजलेला नारळ, धणे, थोडी बडीशेप, आणि मिरची नेहमीच्या निम्मी, तीही काश्मिरी. अळम्यांना मातीचा जो वास असतो तो या वाइनला पेलतो. डब्यातली बटन मशरूम आणून ‘तेच ते’ म्हणू नका, तेच ते नसते. अळमी मिळाली नाहीत तर मटणाची शागुती (भाजलेल्या मसाल्याचा रस्सा). मटणाच्या प्रथिनाने आणि चरबीने तुरटपणा नरमतो. तिरफळ मात्र त्या दिवशी डब्यातच राहू दे, जीभ बधिर झाल्यावर चव कसली घेणार?

पोईवाला
माझे मत वेगळे. रांधूच नका. इटलीतही आमारोनेला निवांत, विचार करत प्यायची वाइन म्हणतात. जेवण आटोपले की पार्मेजान चीजचे ढेकूळ, पोई (आपला गोव्याचा पाव) आणि पाऊस. जेवणासोबत इतकी दांडगी वाइन घेणे म्हणजे भजनाला ताशा.

रांदणीकडची
जावई घरी येणार आणि सासूने रांधायचे नाही? तुम्ही नक्की गोव्यातलेच ना?

माडाखाली (फोंडा)
कळवतो. अळमी मिळाली, पानात बांधलेली. भाव ऐकून वाइन स्वस्त वाटली. बाटली दोन तास फ्रीजमध्ये ठेवून तासभर आधी उघडली. तोणकाबरोबर तुरटपणा कुठे गेला कळलेच नाही, आणि मागाहून मनुक्यासारखी गोडी आली. बायकोने आपण होऊन ग्लास पुढे केला. जेवणानंतर पोईवाल्यांचे ऐकून चीजही खाल्ले. खरे सांगायचे तर तोणकापेक्षा तेच जास्त जमले, पण हे घरात बोललो नाही.

पाव बाटली उरली आहे. बूच लावून फ्रीजमध्ये ठेवली तर किती दिवस टिकेल?

मांडवीपलीकडे
तीन-चार दिवस. उभी ठेवा. आणि शुक्रवारच्या बांगड्यांपासून लांब.