बोटाएवढं वटवाघूळ, आणि म्हणे फळं खाणाऱ्यांच्या कुळातलं?

अर्धीरात्र: गॅबॉनच्या जंगलातला एक फोटो बघितला, फुलात तोंड खुपसलेलं एवढंसं तपकिरी वटवाघूळ, खाली नाव मेगालोग्लॉसस वोअरमानी आणि वजन म्हणे १५ ग्रॅमच्या आत. कुळ मात्र फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांचं दिलंय!! हे पिल्लू आहे का? आणि अंधारात फूल सापडतं कसं, अल्ट्रासाउंडनेच ना (म्हणजे आपल्याला न ऐकू येणारा आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकत)?

पानगळ: पिल्लू नाही हो, पूर्ण वाढलेलंच ते, मोठं होऊन एवढंच राहतं. त्याच जंगलात हातोडीसारख्या तोंडाचं वटवाघूळ असतं, त्याचा नर ४०० ग्रॅमचा, आणि दोघं एकाच कुळातले, त्यामुळे साइजवर जाऊच नका. पंखाचं दुसरं बोट बघा, अंगठ्यासारखी तिथेही छोटी नखी असते, कीटक खाणाऱ्यांना ती नसते.

टिंग्या: अमेरिकेतली मकरंद पिणारी असतात ना, अल्ट्रासाउंड सोडत फुलासमोर हवेत तरंगणारी, त्यांचाच भाऊबंद असणार.

पानगळ: @टिंग्या नाही, ते कुळच वेगळं. या आफ्रिकेतल्याला अल्ट्रासाउंड नाहीच, मोठे डोळे आणि नाक यावरच सगळं चालतं. म्हणून तर पार्किया, किगेलियासारखी झाडं रात्री फुलतात, फुलं फांदीखाली मोकळी लोंबतात आणि वासही उग्र. फुलाला लटकायचं, लांब जीभ आत घालायची, जिभेच्या टोकाला ब्रशसारखे काटे, मकरंद लगेच वर, आणि अंगाला लागलेला पराग पुढच्या झाडावर. गंमत म्हणजे आधी याला आशियातल्या लांब जिभेवाल्यांच्या गटात टाकलं होतं (दिसतातच तशी, चूक कोणाचीही झाली असती), पण डीएनएवरून निघालं की जवळचे नातेवाईक आफ्रिकेतलीच साधी फळखाऊ वटवाघळं, म्हणजे लांब जीभ इथे वेगळी तयार झाली.

अर्धीरात्र: बापरे, मी तर अल्ट्रासाउंड धरूनच चाललो होतो. अजून एक, फोटोतल्याच्या गळ्याला फिकट पिवळट केसांची कॉलर आहे, जात वेगळी का मग?

रानडुलकी: कॉलर म्हणजे नर, मादीला नसते. जातीचं म्हणाल तर १८८५ पासून सगळी वोअरमानीच धरायचे, २०१२ ला पश्चिम आफ्रिकेतली वेगळी काढून अझान्यी नाव दिलं, आयव्हरी कोस्टमधल्या राष्ट्रीय उद्यानावरून. तुमचं गॅबॉनचं, ते वोअरमानीच.