आठवीतल्या मुलांना हवामानसंकट सांगावे का, आणि कसे?

कृष्णाकाठचा शिक्षक

मी शिरोळ तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्या वर्गाच्या भिंतीवर २०१९ च्या महापुराची खूण आहे. शाळेला रंग देताना तेवढी पट्टी आम्ही मुद्दाम तशीच ठेवली. दरवर्षी आठवीची मुले तिच्याशेजारी उभी राहून पाणी आपल्या कुठवर आले असते ते पाहतात. यंदा ती खूण बहुतेकांच्या हनुवटीपर्यंत आली.

जुलैमध्ये पाऊस लागून राहिला की वर्गातला एक मुलगा मधल्या सुट्टीत मला रोज एकच प्रश्न विचारतो, "सर, राजाराम बंधाऱ्यावर किती फूट?" कोल्हापूरजवळच्या या बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात; ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे त्याला पाढ्यासारखे पाठ आहे. आकडा चाळिशीच्या पुढे गेला की तो घरी जाऊन आपली पुस्तके, जन्माचा दाखला आणि आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवतो. त्याला हे करायला कोणीही सांगितलेले नाही.

सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणशिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश १९९१ मध्ये दिला. विषय आला, पण तो बहुतेक ठिकाणी 'जागतिक तापमानवाढीची कारणे लिहा' एवढ्या प्रश्नापुरता उरला. माझे मत असे आहे की आठवीपासून मुलांना हे संकट स्पष्ट शब्दांत सांगावे. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते, हे आमच्या मुलांना एका तासात समजते, कारण त्यांनी ते बाष्प पाऊस होऊन कोसळताना पाहिलेले आहे. मात्र माहितीच्या पाठोपाठ हाताला काम दिले पाहिजे. आमची मुले गावाचा नकाशा काढतात, आधी पाण्याखाली जाणारी घरे त्यावर रंगवतात आणि ज्या घरांत एकटी वृद्ध माणसे राहतात, त्यांची यादी ग्रामपंचायतीला देतात. आपणा सर्वांचे मत वाचायला आवडेल.

एक आई, पुणे

सर, आपल्या शाळेतील काम वाचून आदर वाटला, तरीही मी आपल्याशी सहमत नाही. माझी मुलगी बारा वर्षांची आहे. तिच्या शाळेत याच विषयावर एक चित्रफीत दाखवली गेली, ज्यात जळणारी जंगले, बुडणारी शहरे आणि उपासमारीने खंगलेली मुले एकामागून एक येत होती. त्यानंतर घंटा झाली आणि गणिताचा तास सुरू झाला. पुढचा महिनाभर ती रात्री उठून माझ्या अंथरुणात येत होती. "मी तुझ्याएवढी होईपर्यंत प्यायला पाणी असेल का?" या तिच्या प्रश्नाला मी "असेल गं" म्हणाले, आणि मी खोटे बोलते आहे असे तिला वाटले. तेव्हापासून ती मला हा प्रश्न विचारत नाही, याचे मला जास्त वाईट वाटते.

युद्धांच्या बातम्या मोबाईलवरून मुलांपर्यंत पोहोचतातच. निदान शाळेने तरी त्यात भर घालू नये. दहावीनंतर, मुलांचे मन थोडे घट्ट झाल्यावर हा विषय सांगावा, असे मला वाटते.

निवृत्त अभियंता, सांगली

माझा आक्षेप वेगळा आहे. पाटबंधाऱ्याच्या कामात आयुष्य गेलेला माणूस म्हणून लिहितो. २०१९ साली पाऊस अभूतपूर्व झाला हे खरेच आहे, आणि नंतर नेमलेल्या वडनेरे समितीनेही अतिवृष्टीवर बोट ठेवले. पण पूररेषेच्या, म्हणजे पुराचे पाणी जिथवर येते म्हणून आखलेल्या रेषेच्या, आत भराव टाकून उभ्या राहिलेल्या इमारती, बुजवलेले ओढे आणि नदीपात्र अडवणारे पुलांचे भराव हे काही वातावरणातल्या कर्बवायूने बांधलेले नाहीत. मुलांना सारखे 'जागतिक संकट' म्हणून सांगितले की दोष कुठल्या तरी दूरच्या देशाचा ठरतो आणि गावातला भराव टाकणारा सुटतो. तेराव्या वर्षी मुलाने पूररेषेचा नकाशा वाचायला शिकावे, धरणाचा विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला इतके घनफूट पाणी, म्हणजे काय ते समजून घ्यावे. पृथ्वीचे सरासरी तापमान त्याला नंतर कळले तरी चालेल.

वाशिष्ठी

मी चिपळूणची आहे आणि सध्या महाविद्यालयात शिकते. २२ जुलै २०२१ रोजी आमच्या घराचा तळमजला पूर्ण बुडाला, तेव्हा मी शाळेत शिकत होते. शाळा सुरू झाल्यावर वर्गात त्या दिवसाबद्दल कोणीही एक शब्द काढला नाही. मुलांना त्रास होऊ नये अशी त्यामागची भावना असेल, परंतु आम्ही मात्र शौचालयाच्या बाहेर उभ्या राहून एकमेकींना हळूच विचारत होतो की तुझ्या घरात पाणी कुठवर आले होते. ताई, आपली मुलगी प्रश्न विचारायची थांबली म्हणजे तिचा प्रश्न संपला असे नाही, हे मी अनुभवावरून लिहिते.

त्याच वर्षी भारतासह दहा देशांतील १६ ते २५ वयोगटातील दहा हजार तरुणांचे एक सर्वेक्षण प्रसिद्ध झाले. त्यातील ५९ टक्के तरुण हवामानबदलाबाबत अतिशय काळजीत होते, आणि सरकारे पुरेसे काही करत नाहीत, आपल्याशी दगा झाला आहे, या भावनेशी ती काळजी जोडलेली आढळली. म्हणूनच 'मुलांना सामोरे जायला शिकवा' ही हल्ली ऐकू येणारी भाषा मला खटकते. ज्यांनी निर्णय घ्यायचे आहेत त्यांनी ते घ्यायचे नाहीत, आणि आम्ही दीर्घ श्वास घ्यायचा, हा न्याय नव्हे. आम्हाला ग्रामसभेत आणि नगरपालिकेत बोलायला शिकवा.

शालेय समुपदेशक

वाशिष्ठी, तुमचा राग रास्त आहे. पण ज्या मुलाला आठवडाभर झोप नाही, जेवण जात नाही, पावसाचा आवाज आला की ज्याचे हातपाय गार पडतात, त्याला आज ग्रामसभेत उभे करता येत नाही. आधी त्याचे ऐकून घेणारे माणूस हवे. घरात किंवा शाळेत तसे कोणी नसेल तर शासनाच्या टेलिमानस या मानसिक आधाराच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तिथे मराठीतूनही बोलता येते. दोन्ही गोष्टी लागतात, फक्त त्यांचा क्रम चुकू नये.

कृष्णाकाठचा शिक्षक

सर्वांचे आभार. अभियंता साहेबांचे म्हणणे मला बरेचसे पटले. पुढच्या वर्षी नकाशात भरावही दाखवू, आणि विसर्गाचे गणित शिकवायला आपण एक दिवस आमच्या वर्गावर यावे, ही विनंती. तथापि तापमान 'नंतर' सांगण्याला माझी तयारी नाही. जुनी पूररेषा जुन्या पावसावर आखलेली आहे. पाऊसच बदलत असेल तर ती रेषा कुठे सरकेल, हे विचारायला मुलांना दोन्ही गोष्टी माहीत हव्यात.

ताई, ती चित्रफीत चुकीचीच होती. घंटा झाल्यावर गणित सुरू करणे ही त्याहून मोठी चूक होती. मी ओझोनच्या थराचे उदाहरण आधी सांगतो: १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचे छिद्र जगाला कळले, १९८७ मध्ये थराला घातक वायूंचा वापर थांबवण्यासाठी माँट्रियलचा करार झाला, आणि आज तो थर हळूहळू भरून येत आहे. मुले हे ऐकून सरसावून बसतात. दहावीपर्यंत थांबणे मात्र आमच्याकडे शक्य नाही, कारण पाणी इयत्ता विचारून येत नाही.

एक आई, पुणे

आपल्या मुलांसमोर भिंतीवरची खूण आहे. माझी मुलगी सहाव्या मजल्यावर राहते. तिच्या हाताला कोणते काम देऊ?

कृष्णाकाठचा शिक्षक

आंबिल ओढा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याला आलेल्या पुराची आठवण काठावरच्या प्रत्येक घरात आहे. तिला घेऊन ओढ्याकाठी चालत जा, तो कुठे अरुंद झाला आहे ते तिला वहीत टिपू द्या, आणि त्या रात्री काय झाले ते तिथल्या एखाद्या आजींना तिलाच विचारू द्या. पाण्याबद्दलच्या तिच्या प्रश्नाला मग "असेल" एवढेच उत्तर देऊ नका. पुण्याचे पाणी खडकवासल्यातून कसे येते, तेही तिला दाखवा.

एक आई, पुणे

रविवारी जाऊ. पालकांना आधी न कळवता वर्गात अशा चित्रफिती दाखवू नयेत, हे माझे म्हणणे मात्र कायम आहे, आणि ते मी शाळेला लेखी देणार आहे.