मदत हवी आहे: स्वीडिश ‘लान्सहव्हडिंग’ला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी. फिनलंडच्या इतिहासावर मराठीत एक टिपण लिहितेय, आणि व्हिबोर्ग प्रांताच्या गव्हर्नरांच्या (लान्सहव्हडिंगांच्या) यादीत अडकलेय. तेव्हा फिनलंड स्वीडनच्या ताब्यात होतं.

१६३४ च्या राज्यघटनेने स्वीडनने आपला मुलूख ‘लेन’मध्ये, म्हणजे प्रांतांमध्ये विभागला. प्रत्येक लेनवर राजाने नेमलेला एक लान्सहव्हडिंग. करवसुली, कायदा-सुव्यवस्था त्याच्याकडे. ‘राज्यपाल’ म्हटलं तर राजभवन डोळ्यांसमोर येतं, ‘जिल्हाधिकारी’ फारच इंग्रजी अमदानीतला. मला ‘सुभेदार’ जवळचा वाटतो, पण सुभेदार म्हणजे फौजही आलीच. इथे मुलकी कारभार मुद्दाम लष्करापासून वेगळा काढला होता. मग काय लिहू?

दुसरी अडचण तारखांची. १७१० च्या जूनमध्ये रशियाचा झार पीटर याच्या सैन्याने व्हिबोर्ग शहर स्वीडनकडून घेतलं. रशियन कागद जुन्या ज्युलियन पंचांगाचे, स्वीडिश पंचांग त्याच्या एक दिवस पुढे आणि आपलं आजचं अकरा दिवस पुढे! (स्वीडनने पुढे १७१२ मध्ये चक्क ३० फेब्रुवारी पाळून हा घोळ निस्तरला.) एकाच प्रसंगाच्या तीन तारखा होतात. गव्हर्नरांच्या यादीत कुठली ठेवायची?

शिवाय १७२१ च्या स्वीडन-रशियातल्या नुस्टाडच्या तहात व्हिबोर्ग अधिकृतपणे रशियाकडे गेलं, १८१२ मध्ये फिनलंडच्या ग्रँड डचीला (रशियन साम्राज्यातल्या स्वायत्त फिनलंडला) जोडलं गेलं. म्हणजे स्वीडिश काळाची यादी १७१० ला थांबवू की १७२१ ला? माझा कल १७१० कडे आहे. शहरच हातात नाही तर गव्हर्नर कशाचा?

युरोपीय इतिहासाचं भाषांतर केलेल्यांनी कृपया सांगा.